चाखलेलं वहीत नव्हतं

डॉक्टरांनी शिंप्यासारखी माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि आकडा नर्सला सांगितला. मला नाही सांगितला. मग कागद वरखाली केले आणि म्हणाले, "तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे."

अमरावतीचा दवाखाना, गणपती बसायला आठवडा होता. तळपायाला मुंग्या येत होत्या म्हणून मुलगा विनोद जबरदस्तीनं घेऊन गेला होता. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. ते नाव मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळंच ऐकल्यासारखं वाटलं.

ज्यांना उद्या हे ऐकायची पाळी येईल त्यांच्यासाठी मला कळलं तसं सांगतो. हा एक आजार नाही, पाच गोष्टींची टोळी आहे. कमरेचा घेर वाढलेला. ब्लड प्रेशर चढलेलं. उपाशीपोटी साखर जास्त. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, जास्त. आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी. यातल्या तीन सापडल्या की हे नाव लावतात. पुढे हार्टला धोका, मेंदूला धोका, साखरेचा आजार पक्का. माझ्याजवळ पाचही होत्या. साखर तर हद्द ओलांडून गेली होती.

"जेवणाचं पथ्य पाळलं तर यातलं बरंच मागे फिरतं," डॉक्टर म्हणाले. "पण खरं पाळायचं."

मी म्हटलं, "मी खोटं काही करत नाही." हे वाक्य मला पुढे लई महागात पडलं.

माझं काम सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी शेंदूरजनाघाटचा. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. व्यापारी सौदा करण्याआधी मला घेऊन जातात. मी चारी कोपऱ्यांतली आणि मधली झाडं पाहतो, उन्हाकडचं फळ तोडतो, सावलीतलं तोडतो, सोलतो, चाखतो, आणि सांगतो की माल किती दिवस टिकेल, गोडी अजून चढेल की इथंच थांबेल. चाळीस वर्षं झाली. माझ्या जिभेवर सौदे झाले आणि माझ्या जिभेवर मोडलेही. घरी आम्हाला कोणी शेठ म्हणत नाही, पण बगीच्यात शिरलो की मालक स्वतः खाट टाकतो.

दसऱ्याच्या सुमारास अमरावतीच्या डॉक्टरांनी मला अकोल्याच्या एका संशोधनात घातलं. खाण्याचा आणि या सिंड्रोमचा संबंध काय, हे तिथल्या एक मॅडम शोधत होत्या. तपासण्या फुकट होत्या. अट एकच. रोज जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं आणि महिन्यातून एकदा उपाशीपोटी अकोल्याला रक्त द्यायला यायचं. अकोल्याला माझी मुलगी दिली आहे, त्यामुळे आदल्या दिवशी मुक्कामाची सोय होती.

मी वही लिहू लागलो. अक्षर मोठं आणि वाकडं, पण एक दिवस सोडला नाही. ज्वारीची भाकर दीड. तुरीचं वरण एक वाटी. चहा दोन, बिनसाखरेचा. दिवाळीत घरात चिरोटे झाले, अनारसे झाले, मी एकाला हात लावला नाही. सूनबाईनं गुळाचा डबा कोठीत ठेवून कुलूप लावलं तेव्हा मीच म्हटलं, बरं केलं.

पहिल्या महिन्यात साखर उतरली नाही. दुसऱ्या महिन्यात वाढली. अमरावतीच्या डॉक्टरांनी साखरेच्या एका गोळीच्या दोन केल्या.

मग घर फिरलं. बायको माझ्या बंडीचे खिसे चाचपू लागली. एकदा दुपारी मी झोपलो असं समजून तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला. विनोदनं ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे चौकशी केली. जेवायला बसलो की तिघं माझ्या ताटाकडे पाहत. दीड भाकरीवरून मी एकीवर आलो, मग अर्धीवर. तरी संशय उठेना.

सूनबाई म्हणाली, "मामाजी, एखाद्या वेळी खाल्लं असन तर सांगून टाका. आमी रागावणार नाही."

"खाल्लं नाही तर काय सांगू?"

"मंग साखर कावून चढून राहिली?"

मी वही तिच्यापुढे सरकवली.

तिसऱ्या महिन्यात अकोल्याला एचबीएवनसी नावाची तपासणी झाली. ही गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, म्हणजे एक दिवस उपाशी राहून तिला फसवता येत नाही. तिथल्या डॉक्टरांनी बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांदेखत वही उघडली आणि म्हणाले, "आजोबा, वहीत एक आणि रक्तात एक. रक्ताला खोटं लिहिता येत नाही."

बाजूला बसलेल्या दर्यापूरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. उठून निघून जावं वाटलं. पण उठलो असतो तर चोर ठरलो असतो, आणि बसून राहिलो तर दर महिन्याला येऊन चोर व्हायचं होतं. मी बसून राहिलो. त्या दिवसापासून कुठंही असलो तरी, घरी, जीपमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर, मला असं वाटे की दार बाहेरून लावलेलं आहे. आत मी आणि माझं खरं बोलणं, आणि त्याला कोणी गिऱ्हाईक नाही.

जानेवारीत आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांचे, सौदे संपले. मी घरी बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या, अर्धी भाकर खाल्ली आणि अंगणात उभा राहिलो, तर हात कापायला लागले. थंडीत अंगाला पाण्यासारखा घाम. बायकोला हाक मारायची होती, तोंडातून भलतंच काही निघालं. तिला वाटलं, मी दारू पिऊन आलो. मग मी खाली बसलो आणि पुढचं मला आठवत नाही.

याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, म्हणजे साखर एकदम खाली जाणं. तुमच्या घरात कोणी साखरेच्या गोळ्या घेत असेल आणि त्याला असा घाम सुटला, हात कापले, बोलणं अडखळलं, तर शुद्धीत असेपर्यंत लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागतो. थेट दवाखाना गाठा. आमच्याकडे हे कोणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना साखर चढते एवढंच माहीत होतं.

शुद्धीवर आलो तो अमरावतीला, दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावलेल्या खाटेवर. ज्या साखरेसाठी घरात कुलूप लागलं होतं तीच नळीनं माझ्या हातात सोडत होते. डॉक्टर म्हणाले, "कोणीतरी मला समजावून सांगा. तीन महिने साखर उतरत नाही, आणि एका सकाळी अशी पडते?" मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. वही त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, काय खाल्लं ते सांगू नका. मागच्या महिन्यातला कामाचा एक दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून कुठे गेलात, काय केलंत."

मी सांगत गेलो. सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. पहिला बगीचा अडीचशे झाडांचा. चार कोपरे पाहिले, मधलं पाहिलं. फळं सोलून पाहिली. मग दुसरा बगीचा. दुपारून तिसरा.

"फळं सोलून पाहिली म्हणजे?"

"चाखली. त्याशिवाय कसं सांगणार?"

"एका बगीच्यात किती?"

"दहा, बारा. शंका असली तर पंधरा."

"पूर्ण फळ?"

"कधी दोन फोडी, कधी पूर्ण. चांगलं निघालं तर पूर्ण."

त्यांनी खुर्ची पुढे ओढून माझ्याकडे पाहिलं. बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती, तीही माझ्याकडे पाहू लागली.

"हे वहीत का नाही लिहिलं, बाबा?"

मी म्हटलं, "ते खाणं नाही. ते काम आहे."

देवाशपथ सांगतो, मला तसंच वाटत होतं. घरी भाकर अर्धी केली, पोटात कावळे ओरडत, आणि बगीच्यात एक फोड चाखायच्या जागी मी फळच्या फळ संपवत होतो, हे माझं मलाच दिसलं नाही. एक संत्रं वाईट नाही, डॉक्टरांनी ते खायला परवानगीच दिली होती. पण मी दिवसाला तीस-तीस पोटात टाकत होतो. डॉक्टरांनी त्या साखरेच्या हिशेबानं गोळ्या वाढवल्या. बहार संपला, चाखणं थांबलं, गोळ्या तेवढ्याच राहिल्या.

मॅडम म्हणाल्या, "तुमचे हे तीन महिने आता संशोधनात धरता येणार नाहीत." कोणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. तीन महिने माझ्यावर खोटेपणाचा आळ होता आणि मी मान ताठ ठेवून होतो, कारण मी खरा होतो. आता मी खराही होतो आणि वहीही खोटी होती. त्यातून निघायला रस्ता नव्हता. बायको फक्त एवढंच म्हणाली, "म्या उगीचच खिसे पाह्यले."

मॅडमनी मात्र एक केलं. त्यांच्या छापील फॉर्मात नवा रकाना घातला, काम करताना काय काय तोंडात जातं याचा. नंतर कळलं, त्यात एक लग्नाचा आचारी सापडला आणि शेव तळणारी एक बाई. त्यांनाही दिवसभर मीठ-तिखट पाहणं म्हणजे खाणं वाटत नव्हतं. मी त्या मॅडमचा ऋणी आहे. त्यांनी मला खोटं ठरवायच्या आधी माझा दिवस विचारला.

गोळ्या कमी झाल्या. पण खरी अडचण पुढे होती. फेब्रुवारीत मृग बहाराचे, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या संत्र्यांचे, सौदे सुरू होणार. डॉक्टर म्हणाले, "चाखा आणि थुंका." त्यांना सोपं वाटलं. मालकाच्या समोर त्याचं फळ थुंकायचं म्हणजे त्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर थुंकायचं. गिळावं तर पुन्हा तो लोखंडी कठडा. आजार सांगावा तर व्यापारी म्हणतील, म्हाताऱ्याची जीभ गेली. पंधरा दिवस मी तापाचं निमित्त सांगून घरात बसलो. गाडी दारात येई आणि रिकामी जाई. काम नाही तर मी कोण, हे मला घरातल्या घरात कळू लागलं.

शेवटी गुलाबरावांच्या बगीच्यात गेलो. तीस वर्षांची ओळख. त्यांनी स्वतः फळ सोलून फोड हातात दिली. मी तोंडात टाकली, चावली, आणि तसाच उभा राहिलो. मग रुमाल तोंडापुढे धरून फोड एका गालात सारली.

"गुलाबराव, मले हे गिळता येत नाही."

"कावून? आंबट हाये का?"

"गोड हाये. त्याच्यानंच."

मग सगळं सांगितलं, पोटाच्या टेपपासून अमरावतीच्या खाटेपर्यंत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "भादव्यापासून लपवून राहिले तुमी? अन् मांगच्या बहाराले माह्या बगीच्यात अर्धी टोपली खाल्ली."

"चाखली."

"खाल्ली, भाऊ. मी बाजूले उभा होतो. तुमाले आवडते म्हणून म्या मुद्दाम चांगली चांगली काढून देत होतो."

मग ते म्हणाले, "थुंका आता. पण झाडाच्या बुडाशी नोको, बांधाच्या तिकडं जा."

मी बांधापलीकडे गेलो, थुंकलो, चूळ भरली. परत आलो तेव्हा त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातलं फळ सोलून ठेवलं होतं.

सगळे मालक असे नसतात. त्या बहारात दोघांनी मला पुन्हा बोलावलं नाही. दिवसाला एकच बगीचा पाहतो, दोन फोडींपुढे जात नाही. साखर अजून हद्दीच्या वर आहे, पण खाली सरकते आहे. घेर दोन बोटं कमी झाला. आणि एक गोष्ट डॉक्टरांनाही माहीत नाही, ती सांगतो. रस घशाखाली उतरल्याशिवाय पुरी गोडी कळत नाही. थुंकलेल्या फोडीतून मला अर्धंच समजतं. त्या दिवशी गुलाबरावांनी विचारलं, "मंग, टिकन का माल?" तेव्हा मी म्हटलं, "पंधरा दिवस टिकन असं वाटते. पुढचं मले माहीत नाही."

चाळीस वर्षांत कोण्या मालकासमोर मी पहिल्यांदाच असं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि खाटेवर मला बसायला जागा केली.