मांजरपाटाने पाडलेला पक्ष

आमचा पक्ष आमच्या गल्लीत पडला तो मांजरपाटामुळे.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मंदी अशी की इतवारी बाजारातल्या ज्या भांड्यांच्या दुकानात मी मुनीम होतो, तिथे गिऱ्हाईक फक्त वेळ विचारायला यायचं! गिरणीतले शेजारी महिन्यातून पंधरा दिवस घरी बसायचे. मी मात्र बारा वर्षं सत्ताधारी पक्षाचा वॉर्ड चिटणीस. यंदा महापालिकेचं तिकीट मलाच, असं ठरल्यासारखं होतं.

तेवढ्यात एक नवा विरोधी पक्ष उगवला आणि दारोदार झेंडे वाटत सुटला. पाहतो तर अख्ख्या गल्लीवर त्यांचेच झेंडे! आणि (हे लिहितानाही रक्त उसळतं) माझ्या दारावरसुद्धा!

"काहून वं, हा कोणाचा झेंडा लावला?" मी बायकोवर ओरडलो.

"नव्या पक्षाचा," सुमन म्हणाली. "हा दुसरा हाये. दोन दिवस लावला नाही तर पुढचा देत नाही ते. जाड मांजरपाट हाये, पोराईचे कपडे होतात."

"अन् आपल्या पक्षाचा कुठी हाये?"

"त्यातून चहा गाळून राहिली. लयच पातळ हाये."

बारा वर्षांची निष्ठा, आणि तिच्यातून चहा!

दुसऱ्याच दिवशी तिकीट ठरवायला आमचे जिल्ह्याचे पुढारी भाऊसाहेब दारात हजर! झेंडे बघून त्यांच्या कपाळावर आठ्या.

"काय गा चिटणीस, गल्ली फिरली काय?"

"नाही भाऊसाहेब! बाया कापडासाठी लावून राहिल्या. मतं आपलीच!"

"काहून आपली?" आतून सुमन कडाडली. "तेल नाही, साखर नाही, गिरणी अर्धी बंद. तुमच्या राज्यात लुगडं घेणं होत नाही. ते निदान कापड तरी देतात!"

भाऊसाहेब चपला शोधू लागले. तिकीट हातचं जाताना दिसलं आणि माझा तोल गेला. दारावरचा झेंडा मी खस्सकन ओढला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा गरजलो, "त्या पक्षाचं एक सूतही मी या घरात ठेवणार नाही!"

"मंग पहिले पायजम्याच्या आतली चड्डी काढा," सुमन म्हणाली. "कालच शिवली तुमच्यासाठी!"

गल्ली हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. तिकीट दुसऱ्याला गेलं, तोही पडला.

मतदानाला मी तीच चड्डी घालून गेलो. शिक्का कुठे मारला, ते सुमनला अजून सांगितलेलं नाही!