पाटल्यांची म्हैस

माझे मोकळे हात पाहून बायका अजूनही विचारतात, "पाटल्या कुठं गेल्या वं तुमच्या?" नवऱ्यानं विकून खाल्ल्या असतील, असं त्यांच्या मनात असतं. त्यांचा तो कळवळा मला सहन होत नाही. मी सरळ सांगते की पाटल्या मी विकल्या, ह्यांना न विचारता विकल्या, आणि त्या पैशांत म्हैस आणली. मग त्या विषय बदलतात. म्हैस पाळल्याचं त्यांना काही नसतं. ब्राह्मणाच्या घरून दूध विकलं गेलं, हे त्यांच्या कानावर आलेलं असतं, आणि ते अगदी खरं आहे.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. मोर्शीच्या बाजूनं गाड्यांची रांग लागे. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या असत, त्या दोन वर्षांत चांदीच्या झाल्या. अमरावतीच्या परकोटाच्या आत कुठंही जा, हवेत कापूस उडत असे. वरणावर कापूस, वाळत घातलेल्या धोतरांवर कापूस, देवाच्या टाकांवर कापूस.

आमचे हे सरकारी शाळेत पंतोजी. पगार ठरलेला, आणि त्या पगाराला अमेरिकेतल्या लढाईची खबरच नव्हती. भाव मात्र रोज चढत होते. ज्या शेतांत ज्वारी उभी असायची तिथं सगळीकडे कापसाची पऱ्हाटी पेरली गेली, म्हणून ज्वारी महाग. माझं दळण दळणारी बाई सरकी काढायच्या कामावर गेली, तिथं तिला दुप्पट मजुरी मिळे. तिला मी दोष दिला नाही, जातं स्वतः ओढू लागले. घरमालक म्हणाला, कापसाचे व्यापारी ह्या दोन खोल्यांना वाटेल ते भाडं द्यायला तयार आहेत, तुम्ही काय करता बोला. बाजारात पैसा वाहत होता आणि माझ्या दोन पोरांच्या भाकरीवर तेलाचा थेंब मी मोजून टाकत होते. संताप व्हायचा मला, खोटं कशाला सांगू.

लोक अंबादेवीला नवस बोलत होते, की आई, लढाई चालू राहू दे. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे न कळणारी माणसं तिथल्या माणसांनी मरत राहावं म्हणून नारळ फोडत होती. मी हे एकदा देवळातच मोठ्यानं बोलून दाखवलं. तेव्हापासून मी तोंडाळ ठरले.

माझे थोरले दीर अकोल्याला एका अडत्याकडे कारकून होते. त्यांनी स्वतःच कापसात पैसे घालायला सुरुवात केली होती, आणि त्यांचं बरं चाललं होतं. अंगावर जरीकाठी उपरणं आलं होतं, बोलणं मोठं झालं होतं. एका दुपारी ते आमच्याकडे आले आणि ओसरीवर बसून ह्यांना म्हणाले, "अरे, सोनं हातात घालून बसल्यानं काय होते? पाटल्या दे मले. चार महिन्यांत दुप्पट करून देतो. अकोल्याले सगळी दुनिया कमावून राहिली अन् तू पोरांले बाराखडी शिकवून राहिला."

थोरल्या दिरांशी समोर येऊन बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी दाराआडून ह्यांना उद्देशून बोलायचं, त्यांनी ते ऐकायचं आणि उत्तरही ह्यांनाच द्यायचं. मी दाराआडून म्हटलं, "पाटल्या माह्या माहेरच्या आहेत म्हणावं. मी इचार करून सांगीन."

"इचार काय करायचा त्याच्यात?" दीर ह्यांना म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतो तेव्हा घेऊन जातो."

ह्यांनी मान डोलावली. आमचे हे स्वभावानं इतके गरीब, की समोरचा जे बोलेल ते त्यांना थोडंफार पटायचंच. मला लिहाय-वाचायला ह्यांनीच शिकवलं, दुपारी दार लावून, पाटीवर. त्या उपकाराची जाण मला आहे. पण ती मान डोलावलेली पाहिली आणि मी ओळखलं की महिनाभरात आपल्याला काहीतरी करायला हवं.

सरकी काढायचे लाकडी चरखे परकोटाबाहेर चालत. एकदा मी माझ्या दळणवालीला भेटायला तिथं गेले. बायका चरख्याशी बसलेल्या, एका बाजूला रुई, तिच्यावर मालकाचा पहारा. दुसऱ्या बाजूला सरकीचे ढीग, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पावसानं त्यातले काही कुजायला लागले होते. मी मालकाला विचारलं की ह्याचं काय करता. तो म्हणाला, "न्या ना बाई, जागा मोकळी होईन. टोपलीभर न्या की गाडीभर न्या."

माझ्या माहेरी म्हशी होत्या. सरकी खाल्लेल्या म्हशीचं दूध कसं दाट येतं ते मला ठाऊक होतं. मी तशीच आमच्या ओळखीच्या गवळणीकडे गेले. ती परकोटाला लागूनच राही, आणि म्हशी विकायला काढून बसली होती.

"काहून विकता?" मी विचारलं.

"काय करू माय? ज्वारी नाई तं कडबा नाई. चराईच्या जागेवर बी पऱ्हाटी. म्हशी काय रुपये खातीन?"

तिच्याकडे एलिचपूरकडची एक म्हैस होती. लांब शिंगं पाठीवर गेलेली, दोन वेतं झालेली, चेहरा रागीट. मला ती पाहताक्षणी आवडली. सरकी फुकटात मिळत होती, तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, शेतकरी थोडक्या पैशांत देत होते, आणि म्हशी स्वस्त झाल्या होत्या. सगळं गाव एकाच ढिगाकडे पाहत असल्यामुळे बाकीच्या गोष्टींना मोलच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी सोनाराकडे गेले. दुकानात सोनं घेणाऱ्यांची दाटी, विकणारी मी एकटी. त्यामुळे भाव उत्तम आला. सोनार म्हणाला, "पंतोजीले मालूम हाये ना?" मी म्हटलं, "पाटल्या पंतोजी घालतात काय?" दुकानातले शेतकरी हसले आणि सोनारानं मुकाट्यानं तराजू उचलला.

संध्याकाळी ह्यांनी पडवीत म्हैस पाहिली. मग माझे हात पाहिले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हशीभोवती एक फेरी मारून आले, तिनं ह्यांच्या उपरण्याचा शेव तोंडात घातला, तो सोडवून घेतला आणि "हं" म्हणाले. मला भीती वाटत होती, पण मी ती दाखवली नाही.

पहिल्या आठवड्यात मी मूर्खपणा केला. सरकी फुकट म्हणून ढीगभर घातली, तीही कोरडी. म्हशीचं पोट फुगलं. गवळण धावत आली आणि तिनं मला असं फैलावर घेतलं की माझ्या सासूनंही कधी घेतलं नव्हतं. "भिजू घाल आधी! अन् मापानं दे! हे काय पंगत हाये काय?" दोन दिवसांनी म्हैस सावरली. त्यानंतर आमचं नीट जमलं. दूध असं येऊ लागलं, की पोरं पिऊन, ताक-लोणी होऊन उरायला लागलं.

उरलेलं दूध मी विकायला काढलं. गवळण म्हणाली, "मले द्या, मी विकते. तुमचं नाव बी नाई निघनार." मी नको म्हटलं. चोरून करायला मी कुणाचं काही लुबाडलं नव्हतं. माझ्या दारात भांडं घेऊन या, माझ्या हातून मापून घ्या. मापात पाणी नाही आणि भाव सगळ्यांना एक. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी गाव भरलं होतं, त्यामुळे सकाळीच दूध संपे. घराचं भाडं निघालं, ज्वारीची पोती आली, दळणाला बाई आली. दीर पाटल्या न्यायला आले तेव्हा मी दाराआडून ह्यांना म्हटलं, "म्हणावं, पाटल्या पडवीत बांधल्या आहेत. दुप्पट नाई झाल्या, पण रोज दूध देतात." दीर न जेवता अकोल्याला परत गेले.

पण ब्राह्मणानं दूध विकणं आमच्या शास्त्रात निषिद्ध. द्यावं, दान करावं, विकू नये. कुजबुज सुरू झाली, आणि एका श्राद्धाच्या जेवणात ह्यांना पंक्तीतून उठवलं. पानावर भात वाढलेला होता. गावातले एक वृद्ध शास्त्रीबुवा येऊन म्हणाले, "पंतोजी, तुमी उठा." हे उठले आणि घरी आले. पाट मांडून बसले. मी भाकरी वाढली, दूध वाढलं. जेवता जेवता त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी रडले, आणि रागानं रडले.

चार दिवसांनी शास्त्रीबुवा स्वतः घरी आले, बरोबर दीर. म्हैस विका, प्रायश्चित्त घ्या, नाहीतर पंक्ती बंद, असा निरोप. हे खाली मान घालून बसले. मी दाराआडून बोलले, आणि इतक्या मोठ्यानं की शेजारच्या घरातही ऐकू जावं.

"म्हणावं, दूध मी कासेतून काढते, दहा माणसांसमोर मापते अन् मग पैसे घेते. अकोल्याले तं यंदा न पेरलेला कापूस विकून राहिले. ज्यानं विकला त्यानं पाहिला नाई, ज्यानं घेतला त्यानं पाहिला नाई. शास्त्रीबुवांचे बी पैसे त्यातच आहेत. त्याले कोणतं प्रायश्चित्त?"

दीर ह्यांना म्हणाले, "बायकोले आवर." ह्यांनी मान डोलावली नाही. दोघं उठून गेले आणि आमची पंक्ती बंद झाली.

वर्षभर आम्ही वाळीत होतो. सणाला कुणी बोलावत नसे, हळदीकुंकवाला कुणी येत नसे. सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पोरगी विचारायची, "आपल्या घरी काहून कोणी येत नाई?" मी तिला म्हशीला पाणी दाखवायला धाडत असे. एकदा मनात आलंही, की द्यावी विकून. त्याच सकाळी म्हैस व्याली, रेडकू उभं राहायला धडपडू लागलं, आणि तो विचार मी पुन्हा केला नाही.

मग लढाई संपली. तारेनं बातमी अकोल्याला आली आणि भाव गडगडला. ज्यांनी पुढच्या हंगामाचा कापूस चढ्या भावानं घेऊन ठेवला होता त्यांचं घरदार गेलं. मी काही साखर वाटली नाही. दीर, जाऊबाई आणि तीन मुलं एका दुपारी बैलगाडीतून आमच्या दारात उतरली. जाऊबाईंचे हातही माझ्यासारखेच मोकळे. मी पोरांना दूध दिलं, चुलीवर मोठं पातेलं ठेवलं. त्यांना टोमणा मारायचे शब्द वर्षभर माझ्या तोंडात तयार होते. मुलांनी तोंडाला लावलेले पेले पाहिले आणि ते मी गिळून टाकले.

पंधरा दिवसांनी शास्त्रीबुवा पुन्हा आले. ते वाळले होते, पण ताठा शिल्लक होता. ओसरीवर ह्यांच्या शेजारी दीर बसले होते, मी नेहमीसारखी दाराआड. शास्त्रीबुवा म्हणाले, "झालं ते झालं. म्हैस सध्या राहू द्या, दिवस कठीण आहेत. एक लहानसं प्रायश्चित्त घ्या अन् ब्राह्मणभोजन घाला. खीर करू. दूध तं तुमच्या घरचंच आहे."

माझ्या अंगाची लाही झाली. दूध विकलं की पाप, आणि तेच फुकट खाल्लं की पुण्य. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी घसा खाकरला.

"प्रायश्चित्त आमी घेत नाई," हे म्हणाले. "आमी काही वाईट केलं नाई. खीर करायची असन तं दूध मिळीन. पण दूध आमच्या घरी विकत मिळते, शास्त्रीबुवा."

मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते. मग दिरांनी मान वर केली आणि ज्या दाराकडे त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं त्या दाराकडे पाहून, ह्यांना मध्ये न घेता, थेट मला विचारलं, "बाई, आज शेराचा भाव काय हाये?"

मी दारातून बाहेर आले. पदर नीट केला, तिघांच्या समोर उभी राहिले आणि भाव सांगितला. आदल्या दिवशी गल्लीला सांगितला होता तोच.