वहिदाबी विमानानं माहेरी गेल्या

जायकवाडीचं धरण भरून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वहिदाबी रजया आणि गाद्यांचे गिलाफ शिवायच्या. नवरा शफीक वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा.

एका सकाळी दारात जीप थांबली. काकासाहेब देशमुख उतरले, निवृत्त वैमानिक. त्यांनी परदेशातून दोन इंजिनांचं जुनं विमान आणलं होतं. पोट होडीसारखं, शिवाय चाकंही होती. म्हणजे ते धावपट्टीवर उतरायचं तसं पाण्यावरही. चिकलठाण्याच्या विमानतळावर वाऱ्यानं एक शिडी त्याच्यावर आडवी झाली आणि पंख फाटला.

"विमान कापडाचं असतं?" वहिदाबींनी विचारलं.

"याच्या पंखाचा मागचा भाग कापडाचाच आहे. शिवाल का?"

"मी रजया शिवते, साहेब. तुम्ही पडलात म्हणजे?"

"मी शेजारी बसून सांगतो. अन् आधी एकटाच उडवून बघतो."

वहिदाबी दोन दिवस पंखाशी बसल्या. वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, काकासाहेब सांगतील तशी टाक्याटाक्याला गाठ. वरून ठिगळ लावून काकासाहेबांनी उग्र वासाचं रोगण फासलं. वाळल्यावर कापड ढोलकीसारखं ताणलं गेलं. वहिदाबींनी टिचकी मारली अन् हसल्या.

काकासाहेब एक फेरी मारून सुखरूप आले. म्हणाले, "आता तुम्ही चला. कुठं जायचं?"

"माहेरी सोडा. नाथसागराच्या काठालाच हाय, धरणाच्या पाण्यापाशी."

विमान उडालं. चाकं वर घ्यायला आत एक हँडल होतं.

"गरागरा फिरवा," काकासाहेब म्हणाले. "चाकं खाली राहिली तर पाण्यावर उलटंच व्हायचं."

शिलाई मशीन चालवणारा हात. वहिदाबींनी न थांबता फिरवलं. मग खाली निळं पाणी आलं. पोट पाण्याला लागलं, दोन्ही खिडक्या फेसानं पांढऱ्या झाल्या. त्यांनी डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा विमान होडीसारखं संथ चाललं होतं. काठाजवळ चाकं खाली आली आणि ते म्हशीसारखं निथळत जमिनीवर चढलं.

भावजय बिल्किस तिथं कपडे धूत होती. हातातली चादर वाहून चालली तरी तिला कळलं नाही.

"आपा, तुम्ही?"

"व्हय, मीच. चादर धर आधी."

संध्याकाळी शफीक चिकलठाण्याला त्यांना घ्यायला गेला. विमानातून काकासाहेब एकटेच उतरले.

"वहिदा कुठाय, साहेब?"

"माहेरी राहिल्या. परवा एसटीनं येते म्हणाल्या. भाकरी तुम्हीच टाकून घ्या."