बैलाच्या पायाला सरकारी पट्टी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भोकरदनकडच्या टेंभुर्णीला घरी आलो आणि अंगणात सगळ्यांसमोर खाकी गणवेश चढवला. वीस वर्षं झाली, पण त्याची लाज अजून ताजी आहे... आणि गंमतही.

तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो आणि विद्यार्थ्यांच्या राखीव पलटणीतही. रविवारी कवायत, वर्षातून एकदा छावणी, आणि लढाई लागलीच तर सरकार धाडील तिकडे जायचं.

निजामाच्या मुलखातला तिथं मी एकटाच. मला नावानं कोणी हाक मारत नसे, 'मोगलाई' म्हणत. भरतीच्या वेळी कप्तानसाहेबांनी बजावलं होतं, "तू नीट राहिलास तरच तुमच्याकडच्या मुलांना पुढं घेऊ."

गणवेश घरी न्यायला सक्त मनाई होती. वडिलांना दाखवायचाय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर गावाला दाखवायचा होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीच्या लांब पट्ट्यांचे वेढे घालताना निम्मी आळी बघत होती...

तिसऱ्या दिवशी आमचा बैल नाल्यात घसरला. पुढच्या पायाचा सांधा सुजला. ज्वारीची पेरणी राहिलेली आणि बैलजोडी एकच.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, हळद-चुन्याचा लेप लावला. पण वर बांधलेलं धोतराचं फडकं दोन पावलांत सुटायचं.

"परवा लई वेढे घालून राह्यल्ता ना? मंग घाल की याच्या पायाला!"

"आबा, पट्टी सरकारी हाये."

"आन् बैल? सरकारचा सारा याच्याच जिवावर भरून राह्यलो न्हाई का?"

बांधली. बैलानं पाय टेकवला... मग निघायच्या दिवशीही ती सोडून घ्यायचा धीर मला झाला नाही.

मनमाडला गाडी बदलेपर्यंत खोटं तयार झालं होतं. पट्टी परटाकडं हरवली, असं सांगायचं. त्यात एका गरीब माणसावर आळ येतो, हे कळत होतं. तरी तेच घोकत पुण्याला पोचलो.

पहिल्याच रविवारी तपासणी. आमचे हवालदार साताऱ्याकडचे. माझ्यासमोर येऊन थांबले.

"काय रं मोगलाई, एकाच पायावर आलास व्हय?"

परटाचं वाक्य ओठावर होतं. बाहेर पडलं भलतंच. "दुसरी घरी आहे, हवालदारसाहेब. बैलाच्या पायाला."

सगळी रांग खदखदून हसली. हवालदार हसले नाहीत.

"कंचा पाय?"

"पुढचा डावा."

"वेढं खालनं वर घेतलंस का वरनं खाली?"

"खालून वर."

"लई आवळलं न्हाईस न्हवं? बोट जातंय आत?"

"जातं. बघितलं."

"आन् चालतोय का?"

"मी निघालो तेव्हा टेकत होता..."

ते तसेच कप्तानसाहेबांकडे गेले. काय बोलले, ऐकू आलं नाही. आपल्या ऐटीपायी मागून येणाऱ्यांचं दार बंद झालं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

परत येऊन म्हणाले, "गणवेश घरी न्हेलास म्हणून चार रविवार बंदुका साफ करायच्या. आन् बैलाचं मला कळवायचं!"

महिन्याभरानं आबांचं कार्ड आलं. बैल चालू लागला होता. पेरणी उशिरा, पण झाली होती. हवालदारांनी ते मला रांगेपुढं मोठ्यानं वाचायला लावलं. त्या वेळी मात्र तेही हसले.

मी खरं बोललो ते धैर्यानं, की खोटं ऐनवेळी घशात अडकलं म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. रोजनिशीत तेव्हा दोन्ही लिहून ठेवलंय.

पुढच्या जूनमध्ये आमच्या भोकरदनकडची दोन मुलं कॉलेजात आली. कप्तानसाहेबांनी पलटणीच्या यादीत त्यांची नावं लिहिली, तेव्हा मी दाराशीच उभा होतो... हवालदारांचे आभार मानायचं त्या दिवशी सुचलंच नाही. ते आज, इतक्या उशिरा, मानतो आहे.