मागच्या दाराची कडी

इथे आखातात, नईम वस्तीतले आमचे शिंपी चाचा मूळ रत्नागिरीचे. बायकांची मापं ते स्वतः घेत नाहीत. पडद्याआड चाची घेतात आणि आकडे ओरडून सांगतात. एकदा एका मोलकरणीच्या गणवेशाचं माप घेताना चाची गप्पच झाल्या. पोरीच्या पाठीवर वळ होते. तिचा पासपोर्ट कुलपात ठेवणारी मालकीण बाहेर बसली होती. चाचांनी मागचं दार उघडलं आणि पोरीला थेट वकिलातीत पोचवलं.

आता मालकीण फिर्यादी आणि चाचा मोलकरीण पळवल्याचे आरोपी! शिक्षा झाली तर देश सोडावा लागेल.

"चाचा, दार चुकून उघडं राहिलं म्हणा ना!" मी चिडून म्हणालो.

"खोटा कशाला बोलू? मीच उघडलंय." सुईत दोरा ओवत ते म्हणाले, "आता तर कडीच काढून टाकलीय."