चार वाजता भेटायला येणारी माणसं

डॉक्टर मॅडमनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आबांच्या दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात पांढरे ठिपके होते, कुणी मूठभर मोहरी फेकावी तसे. छातीच्या मधल्या गाठींभोवती पांढरी कड होती, अंड्याच्या टरफलासारखी.

"तुमचे वडील दगडाच्या कामावर होते का?"

"नाही," मी म्हणाले. "ऊसतोड. तीस वर्षं."

"खाण? खडीचा क्रशर? विहिरीला सुरुंग लावायचं काम?"

"नाही."

"नीट आठवून सांगा."

"मॅडम, मी त्यांची मुलगी आहे. मला माहिती आहे."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते आहे. आपल्या माणसाचं आयुष्य आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो आणि डॉक्टरसमोर ठामपणे चुकीचं उत्तर देतो. मी दिलं.

मॅडमनी फिल्म खाली ठेवली. "मग टीबी धरूनच चालावं लागेल. थुंकीची तपासणी गुरुवारी येईल. ती काहीही आली तरी औषध सुरू करायचं की नाही ते तेव्हा ठरवू."

मला धडकी भरली ती इथे. आबांनी टीबीचा कोर्स आधी दोनदा पूर्ण केला होता. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. दुसऱ्या वेळी डोळे हळदीसारखे झाले, यकृताला सूज आली, आणि खोकला होता तिथेच राहिला. तिसरा कोर्स त्यांच्या यकृताला झेपेल याची खात्री कुणीच देत नव्हतं. म्हणजे गुरुवारपर्यंत मला एवढंच कळायला हवं होतं, की आबांना नेमकं झालंय काय.

तो सोमवार होता. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या आमच्या गावातून जीपने नगरला आणलं तेव्हा त्यांचा ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर होता. नाकातोंडावर बायपॅपचा मास्क बसवला होता. बायपॅप म्हणजे दाब देऊन हवा आत ढकलणारं यंत्र. ते लावलेला माणूस बोलू शकत नाही, आणि मास्क काढला की दोन-चार वाक्यांत दमतो. आई तीन वर्षांपूर्वीच गेलेली. विचारायचं कुणाला?

माझ्याविषयी थोडं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी पत्रकांवर वाढले. आबा फडावरून घरी आले की त्यांच्या पिशवीत कपड्यांच्या घड्यांमध्ये मजूर संघटनेची पत्रकं असत. हजेरीची, पाण्याची, मजुरांच्या पोरांच्या शाळेची. मी वाचायला शिकले ती त्यांवर. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. अंगात येणं, उतारा, भूत यांच्या विरोधात मी कॉलेजात असताना स्वतः चार पत्रकं लिहिली आणि बाजारच्या दिवशी उभी राहून वाटली.

आमच्या वस्तीत माणूस गेलं की आठवड्याभरात विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो आणि त्याचा जीवनपट वाचला जातो. एक पान. जन्म कुठे, काम काय, मुलं किती, स्वभाव कसा. लिहिता येतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. गेल्या दीड वर्षात मी तीन जीवनपट लिहिले. काशिनाथकाका, बबनमामा आणि सुभद्राकाकू. तिघंही आमच्याच ओळीतली, आबांच्या वयाची. तिन्ही पानांवर मी लिहिलं, 'अल्पशा आजाराने निधन'. काशिनाथकाका सहा वर्षं खोकत होते. शेवटी झोपता येईना म्हणून उशीवर डोकं टेकून बसून राहत. आणि मी लिहिलं अल्पशा.

मंगळवारी चार वाजले. वॉर्डात भेटायची वेळ चार ते सहा. शेजारच्या खाटेवर शेवगावचे एक चाचा होते. त्यांचं अख्खं घर डबे घेऊन आलं. आमच्याकडे मी एकटी. सिस्टरने आबांना पाणी पाजायला मास्क काढला. एक घोट घेऊन आबा माझ्या पलीकडे बघत म्हणाले,

"सरक पोरी. काशिनाथला बसू दे."

माझ्या मागे रिकामं स्टूल होतं.

"आबा, काशिनाथकाका नाहीत."

"हळू बोल. त्याला वाईट वाटंल."

पलीकडच्या चाची आमच्या स्टुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःची खुर्ची हळूच उचलून चार हात लांब नेली. हसावं की रडावं ते मला कळेना. सहा वाजता भेटायला आलेली माणसं निघाली तशी आबांची नजरही दरवाजापर्यंत सावकाश गेली आणि परत आली, पाहुण्याला पोचवून यावं तशी. आबांच्या खाटेवरून दिसेल असं घड्याळ त्या वॉर्डात नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "याला डिलिरियम म्हणतात. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की मेंदू गोंधळतो. नसलेली माणसं दिसतात. तुम्ही वाद घालू नका, त्यांना खोटं पाडू नका. ऐकून घ्या."

तेवढंच कारण होतं. बुधवारी चार वाजता मी वही घेऊन बसले ती डॉक्टरांनी ऐकून घ्या म्हटलं म्हणून. मी भूत मानत नव्हते, आजही मानत नाही.

मास्क काढल्यावर आबा आधी पाण्याबद्दल बोलले. "त्यांना दे. तोंडं धुऊ दे. पांढरी झाल्यात."

"कोण कोण आलंय?"

"काशिनाथ. बबन. सुभद्रा पायथ्याशी हाय." ते थांबले, मान तिरकी करून. कुणी हळू बोलत असलं की आपण करतो तशी. "काशिनाथ म्हनतो, तू लिवलेलं चुकलं."

मी लिहिलेलं म्हणजे काशिनाथकाकांचा जीवनपट. मी विचारलं, "काय चुकलं?"

"उसाचं लिवलंस. शेडचं न्हाई लिवलं."

"कोणती शेड, आबा?"

पुन्हा ती तिरकी मान. बराच वेळ. मग आबा थोडेसे हसले. "तो हसतोय. म्हनतो, हिला ठावंच न्हाई."

सिस्टर मास्क लावायला आली. आबांनी हाताने तिला थोपवलं. "बबन म्हनतो, म्या मशिनीच्या तोंडाशी हुतो. माझ्या आदी दुसरा हुता. त्याच्या आदी तिसरा. सुभद्रा म्हनती..." इथे त्यांचा आवाज उतरला. "सुभद्रा म्हनती, तीन न्हाईत. चार लेकरं. एक तिथंच मागं ठिवलं."

मी लिहीत होते. सुभद्राकाकूच्या जीवनपटात मी तीनच मुलं लिहिली होती. मास्क बसता बसता आबा आणखी एक गोष्ट बोलले. "तारा बी आली आता. ती बी पांढरी झालीया."

ताराआत्या म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. आबांची मानलेली बहीण. सोमवारी जीपमध्ये भाकरीचं गाठोडं तिनेच ठेवलं होतं. ती जिवंत होती.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. त्या दोन मिनिटांत माझी सगळी पत्रकं कुठे गेली मला माहीत नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"काय गं? चूल पेटवत हुते. आबा कसा हाय?"

"आत्या, तू बरी आहेस ना?"

"मेले न्हाई अजून! तुझ्या हातचा कागुद वाचायची मला घाई न्हाई." मग ती हसली, आणि हसताना खोकली. तो खोकला मी वर्षानुवर्षं ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ओळखला.

"आत्या, शेड म्हणजे काय?"

पलीकडे तिने फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोन बोललं शेडचं?"

"आबा."

मग तिने सांगितलं. मी दीड वर्षाची होते आणि आईबरोबर आजोळी होते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता, ऊस नव्हता, मुकादमाने टोळीच नेली नाही. मग ही पाच जणं नगरच्या बाजूला एका शेडवर राहिली. काशिनाथ, बबन, सुभद्रा, तारा आणि आबा. दोन हिवाळे. गारगोटी दळायची, मैद्यासारखी पावडर करून गोण्या भरायच्या.

"सावलीतलं काम, पोरी. ना कोयता, ना ऊन. लई खूश हुतो आमी. दारं लावून दळायचं, पावडर उडून जाऊ नये म्हनून. सांजच्याला बाहीर आलो की कोन कुनाला वळखू येत नव्हतं. पापन्या पांढऱ्या, केसं पांढरी. बबन म्हनायचा, चला रं भुतांनो, तोंडं धुवा."

"मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं? दोन हिवाळे कामाला गेलो त्यात सांगायचं काय?"

मी शेवटचं विचारलं. "सुभद्राकाकूला मुलं किती?"

ती फोन घेऊन अंगणात आली असावी, चुलीचा आवाज मागे पडला.

"हे तुला कुनी सांगितलं?"

"आबांनी."

"खोटं. बाप्यांना कुनालाच ठावं न्हाई. लेकरू मातीआड करताना मी आन ती, दोघीच हुतो शेडच्या मागं. तिनं मला आन घातली हुती. म्या आजवर ती मोडली न्हाई."

मी फोन ठेवला आणि वही उघडून आबांचं ते वाक्य पुन्हा वाचलं.

गुरुवारी सकाळी मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं होतं." आणि गारगोटीचं सगळं सांगितलं. बंद दारं, दोन हिवाळे, एकाच शेडमधले पाच, त्यातले तीन गेले. त्यांनी फिल्म पुन्हा काढली, पण फार वेळ बघितली नाही.

"सिलिकोसिस," त्या म्हणाल्या. "दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. शरीर तिला बाहेर काढू शकत नाही, म्हणून तिच्याभोवती व्रण बनवतं. काम सुटलं तरी व्रण वाढत राहतात. गारगोटी दळणाऱ्यांना तर थोड्या काळातही होतो. एक्स-रे टीबीसारखा दिसतो, म्हणून फसायला होतं."

"औषध?"

"बरं करणारं नाही. ऑक्सिजन, लसी, धुळीपासून लांब राहणं, आणि खरा टीबी होत नाही ना यावर लक्ष. यात तो होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते."

थुंकीचा रिपोर्ट दुपारी आला. जंतू नव्हते. तिसरा कोर्स सुरू झाला नाही. बरं न होणाऱ्या आजाराचं नाव ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्या रडण्यात सुटकाही होती. हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला कळेल.

गुरुवारी आणि शुक्रवारीही ती माणसं आली, पण आबा त्यांच्याशी काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. शनिवारी ऑक्सिजन नव्वदवर स्थिर झाला. चार वाजता चाचांचं घर डब्यांसकट आलं. आबा स्टुलाकडे बघत होते.

"आज कुनी न्हाई आलं?"

"मी आहे ना आबा."

"तू हाइस गं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर ती कधीच आली नाहीत. आनंद व्हायला हवा होता. मला स्टूल उचलून खाटेच्या खाली सारावं लागलं, ते रिकामं बघवेना.

सुभद्राकाकूच्या बाळाबद्दल मी मॅडमना विचारलं. "तेव्हा कधीतरी कानावर पडलं असेल. मेंदू काही टाकून देत नाही," त्या म्हणाल्या. असेल. त्यांचं म्हणणं मला पटतं. आणि ताराआत्या खोटं बोलत नाही हेही मला माहीत आहे.

बाराव्या दिवशी आम्ही घरी आलो. आता खाटेशेजारी कॉन्सन्ट्रेटर आहे. ते यंत्र खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देतं. आबा दिवसातून पंधरा तास त्या नळीला बांधलेले असतात. दारापर्यंत चालतात. नळी काढून अंगणात बसलेले दिसले की मी ओरडते, मग तेही ओरडतात, आणि दोघं दमतो.

ताराआत्या त्या वेळी खडीच्या क्रशरवर झाडलोटीला जात होती. डोक्याला पदर, तोंडाला काही नाही. तिला एक्स-रेला नेताना दोनदा भांडण झालं. तिच्याही फुफ्फुसांत ठिपके निघाले, आबांपेक्षा खूप कमी. "आजपासून धूळ बंद केलीत तर बरीच वर्षं हातात आहेत," मॅडम म्हणाल्या. आत्याने घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी क्रशरवर जाऊन काम सोडल्याचं सांगून आली.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात न थांबणारा खोकला असेल, टीबीची औषधं घेऊनही बसत नसेल, तर डॉक्टरकडे जाण्याआधी त्या माणसाजवळ बसा. त्याने पोटासाठी जे जे केलं ते सगळं विचारा. दोन हिवाळ्यांचंही, दोन महिन्यांचंही. जे त्याला सांगण्यासारखं वाटत नाही तेच विचारा. त्या मॅडमचे मी जन्मभर आभार मानीन, आणि ते औषधासाठी नाहीत. नीट आठवून सांगा असं त्या म्हणाल्या, आणि चुकीचं सांगितलेलं दुरुस्त करायला गेले तेव्हा रागावल्या नाहीत, यासाठी आहेत.

तिन्ही जीवनपट मी पुन्हा लिहिले. अल्पशा आजार खोडला. शेड लिहिली, गारगोटी लिहिली, बंद दारं लिहिली. सुभद्राकाकूचं चौथं मूल तिच्या लेकींना विचारून लिहिलं. पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात उभी राहून मी तिन्ही पानं वाचली. वाचून झाल्यावर ताराआत्या पुढे येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आता माझा लिव."

"आत्या, काहीतरीच काय! तू आहेस की."

"म्हनून तर. चुकलं तर आत्ताच सांगता यील."

लोक हसले. मी हसले नाही. पुढच्या रविवारी तिच्या ओट्यावर बसून एक पान लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. जन्म, लग्न, ऊस, शेड, क्रशर. ती मान डोलवत ऐकत होती. शेवटी मी लिहिलं होतं, 'ताराबाईंचा स्वभाव सोशिक आहे.' तिथे तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"ते काढ."

"चांगलं आहे की, आत्या."

"न्हाई. मला काय झालंय ते कुनी सांगितलंच न्हाई, म्हनून गप ऱ्हायले. त्याला सोशिक म्हनत्यात व्हय?"

मी ती ओळ खोडली. तिथे काय लिहायचं ते आता ती सांगते आहे, आणि मी लिहिते आहे.