मावशींनी पानावरून उठवलं

जेवता जेवता कुणी उठायला लागलं, की मावशी मागून येऊन त्याच्या खांद्यावर पंजा ठेवायच्या आणि त्याला परत खाली बसवायच्या. "पानावरनं उठायचं न्हाई," एवढंच म्हणायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. पण आमच्या मावशी तपासणीला आलेल्या साहेबांनाही सोडत नसत. साहेबांचा फोन वाजतोय, मावशींचा हात त्यांच्या खांद्यावर आणि साहेब मुकाट्यानं आमटी ओरपताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

अकोले तालुक्यातल्या आमच्या निवासी शाळेत त्या स्वयंपाकाला होत्या. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळ्या. पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कोण किती भाकरी खातो हे पाठ असे. मी त्यांच्या लेखी 'अडीच भाकरीवाले सर'. एकदा तापात दोनच खाल्ल्या, तर संध्याकाळी काढा घेऊन खोलीच्या दारात हजर.

त्यांचा धाकटा भाऊ पावसाळाभर भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात म्हशी घेऊन राहायचा. तिथे दोनच झोपड्या, एक त्याची आणि एक म्हशींची. श्रावणातल्या एका रविवारी मावशी त्याला भेटायला निघाल्या, तेव्हा गणिताचे सर, खेळाचे सर आणि मी असे तिघं त्यांच्या मागे लागलो. अंधार पडायच्या आत परत यायचं ठरलं होतं.

आठवडाभर संततधार लागली होती, पण त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. निम्मी चढण होते न होते तोच धुकं उतरलं, मग पावसाची सर आली, मग पुन्हा ऊन. खेळाचे सर दर वेळी रेनकोट काढायचे आणि घालायचे. मावशी हसून म्हणाल्या, असंच करत बसलात तर इथंच सांज हुईल.

भाऊ बहिणीच्याच वळणावर गेलेला. पोचल्या पोचल्या त्यानं आम्हाला ताटांवर बसवलं. तव्यावरची नाचणीची भाकरी, वर लोणी. मावशी हंडा घेऊन झोपडीमागच्या झऱ्यावर पाण्याला गेल्या आणि लगेच परत आल्या. हंडा रिकामाच होता.

"उठा," त्या म्हणाल्या.

आम्हाला चेष्टा वाटली. गणिताचे सर घास चावत हसले. मावशींनी त्यांच्या पुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"झरा लाल झालाय. आठ दिस येवढा पाऊस झाला, तवा झाला न्हाई. उठा."

बाहेर तर ऊन होतं. भाऊ मागे जाऊन झरा बघून आला. त्याचा चेहरा उतरला होता. तुम्ही व्हा पुढं, म्हशी सोडतो अन् आलोच, असं म्हणून तो गोठ्यात शिरला.

मावशींनी माझं मनगट धरलं. आल्या वाटेनं खाली न उतरता त्या आडव्या, डोंगराच्या सोंडेकडे पळत सुटल्या. आम्ही मागोमाग. तेवढ्यात पाऊस पुन्हा कोसळायला लागला. सोंडेवर पाय टेकतो तोच आवाज आला. ढग गडगडतायत असं वाटलं, पण तो आवाज थांबेना.

मागे वळून पाहिलं, तर झोपड्या नव्हत्या. झाडं नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसती लाल ओली माती, आणि तिच्या अलीकडे थरथरत उभ्या असलेल्या दोन म्हशी. "आत्ता तर होत्या," असं गणिताचे सर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझ्या तोंडात भाकरीचा घास तसाच होता. तो गिळवेना, थुंकवेना.

मावशींनी आम्हाला एका कातळाच्या आडोशाला बसवलं आणि त्या म्हशींजवळ गेल्या. म्हशींच्या गळ्यातली दावी तुटलेली नव्हती. कुणीतरी खुंट्यावरून नीट सोडलेली होती. ती हातात धरून त्या पावसात कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

भाऊ तिसऱ्या दिवशी सापडला. मावशी शाळेत परत आल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. त्या भावजयीकडे राहत होत्या. अंगणात त्याच दोन म्हशी. त्यांनी ताक दिलं, पोरांची चौकशी केली, नव्या बाईंना भाजी जमते का विचारलं. मग म्हणाल्या, "सर, मी त्याला हाक मारली हुती का वो? तुमाला घिऊन पळाले, येवढंच ध्यानात हाय."

मला सगळं आठवत होतं. सोंडेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दोन दिवस होते.

"मारली होती," मी म्हणालो. "दोनदा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "दोनदा," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि म्हशींना वैरण टाकायला गेल्या.